जमाखर्च जाणणारा महात्मा

महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव निघाले की आपण १८४८ सालच्या पुण्यातील मुलींच्या शाळेपाशीच थांबतो. मला त्यांचे १८८२ सालचे, हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन तितकेच मोलाचे वाटते. त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सदस्य अशी दिली आहे. जमाखर्च कळणारा हा माणूस! सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या कष्टावर आणि पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, हे त्यांनी आयोगापुढे परखडपणे मांडले. (आपण कॉलेजात बसणाऱ्यांनी हे जरा लक्ष देऊन वाचावे.) विद्या वरून खाली झिरपेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून मागणी केली ती बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातला, वेळ पडल्यास नांगर धरायला न लाजणारा असावा. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मिळावे.

आयोगाने सक्ती स्वीकारली नाही. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण करून जोतीरावांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ अविद्येत दाखविले. १८९० साली ते वारले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी.