ताराबाई मोडक : पाळण्यापासून पाटीपर्यंत



'अंगणवाडी' हा शब्द आज घराघरात आहे. पण ती कल्पना रुजवणाऱ्या ताराबाई मोडक आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. राजकोटला स्त्री-शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या त्या प्राचार्या होत्या. ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि लहान मुलांच्या शिक्षणात रमल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार उभं केलं.

पण शहरातली बालमंदिरं खर्चिक होती. गरिबाच्या मुलाचं काय? हा प्रश्न घेऊन १९४५ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरली.

१९५७ मध्ये काम कोसबाडला, वारली मुलांमध्ये गेलं. आता बघा, तिथे अडचण काय होती? आईवडील मजुरीला जात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली बहीण घरी राही. तिची शाळा बुडायची. ताराबाईंनी हजेरीसाठी दटावलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. हीच 'विकासवाडी'. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात!

अशा ठिकाणी एकाच वयाची मुलं शिकवणारी बाई पुरी पडत नाही. तान्ह्याचं रडणं, चार वर्षांच्या मुलाची धडपड आणि आठ वर्षांच्या मुलीचं वाचन, तिन्ही समजणारी माणसं लागतात. म्हणून बालसेविकांचं प्रशिक्षण हा या कामाचा मोठा भाग होता आणि ते मुलांच्या सहवासातच चालायचं.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी काम पुढे नेलं.

शिक्षकहो, पहिलीच्या वर्गात येणारं मूल कालपर्यंत अंगणवाडीत होतं. या सत्रात एकदा तरी शेजारच्या अंगणवाडीत तासभर बसून बघा. आणि एखादी मुलगी वारंवार गैरहजर राहत असेल, तर तिला रागावण्याआधी घरी धाकटं कोण आहे, एवढं जरूर विचारा.