अब्दुल करीम खाँ आणि श्रुतींचे गणित

नवापुरात भजनाला बसलो की पेटीचा गंधार मला खटकतो आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण होते.

खाँसाहेब १८७२ साली किराण्यात जन्मले, बडोद्याच्या दरबारात गायले आणि पुढे मिरजेत स्थिरावले. त्या काळी सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचे गणित मांडीत होते. गवयांनी विद्या झाकून ठेवण्याचा तो काळ; पण खाँसाहेब गात आणि देवल ते स्वर तारेवर मोजीत. १९१० साली देवलांचा ग्रंथ निघाला.

सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून ३८६ भागांवर येतो. पेटीत तो ४०० वर बसविलेला असतो. कानाला खटकतात ते हे १४ भाग!

भातखंड्यांना हे गणित मान्य झाले नाही. तो वाद आजही मिटलेला नाही. परंतु आपला गळा मोजमापासाठी खुला करण्याचे औदार्य खाँसाहेबांनी दाखविले, हे विसरता येत नाही.

१९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनात त्यांचे निधन झाले. मित्रहो, गाणे शिकणार असाल तर आधी तंबोरा जुळवायला शिका.