‘आप जैसा कोई’ गाणारी मुलगी 15 वर्षांची होती, पण पडद्यावर ती कुणाला दिसलीच नाही

लग्नाची वरात असो की कॉलेजचं गॅदरिंग, ‘आप जैसा कोई’ वाजलं की आजही पाय थिरकतात. डोळ्यांसमोर येते ती ‘कुर्बानी’तली झीनत अमान. पण आवाज कुणाचा? तो होता कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये शिकणाऱ्या एका शाळकरी मुलीचा. नाव नाझिया हसन.

नाझियाचा जन्म 3 एप्रिल 1965 चा. लहानपणी ती पाकिस्तान टीव्हीच्या मुलांच्या कार्यक्रमात गायची. पुढे लंडनमधल्या एका पार्टीत तिची ओळख अभिनेते-दिग्दर्शक फिरोज खान यांच्याशी झाली. त्यांना ‘कुर्बानी’साठी वेगळा आवाज हवा होता. त्यांनी तिला संगीतकार बिद्दू यांच्याकडे पाठवलं. बिद्दू मूळचे बंगळुरूचे. ‘कुंग फू फायटिंग’ या जगभर गाजलेल्या गाण्याचे निर्माते.

1980 मध्ये ‘कुर्बानी’ आला. सिनेमाचं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं होतं, बिद्दूंचं हे एकच गाणं. पण याच गाण्यासाठी नाझियाला वयाच्या 15 व्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

मग 1981 मध्ये भाऊ झोहेबसोबत ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. तेव्हा आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं, असंच समीकरण होतं. हिरो नाही, हिरोईन नाही, गोष्ट नाही, तरीही कॅसेट विकली जाऊ शकते, हे या बहीण-भावाने दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘स्टार’ सिनेमासाठी गाणी केली. सिनेमा पडला, पण ‘बूम बूम’ लोकांच्या लक्षात राहिलं.

आता राहिला प्रश्न चेहऱ्याचा. नाझियाचा आवाज घराघरांत पोचला होता, पण गाताना तिला पाहिलेले लोक कमीच. 1984 च्या ‘यंग तरंग’ने हे बदललं. या अल्बममधल्या गाण्यांचे व्हिडिओ लंडनमध्ये खास शूट करण्यात आले आणि त्यात स्वतः नाझिया आणि झोहेब होते. ‘आँखें मिलानेवाले’ त्यातलंच.

तो काळ लक्षात घ्या. अमेरिकेत एमटीव्ही 1981 मध्ये सुरू झालं होतं, पण भारतात केबलवर ते यायला 1991 उजाडलं. 1982 च्या एशियाडच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आले आणि पाठोपाठ व्हीसीआर. औरंगाबादसारख्या शहरांतही व्हिडिओ लायब्ररीच्या पाट्या दिसू लागल्या. व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि अख्ख्या गल्लीने रात्रभर सिनेमे पाहायचे, असे ते दिवस. पाकिस्तानात तर झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती. नाचगाण्याकडे संशयाने बघणाऱ्या त्या वातावरणात एका तरुण मुलीने कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने गाणं, ही साधी गोष्ट नव्हती.

1987 मध्ये ‘हॉटलाइन’ आला. 1989 मध्ये दोघांनी पाकिस्तान टीव्हीवर ‘म्युझिक 89’ हा पॉप गाण्यांचा कार्यक्रम सादर केला. 1992 चा ‘कॅमेरा कॅमेरा’ हा शेवटचा अल्बम. त्यातून अमली पदार्थांविरोधी संदेश दिला होता. त्यानंतर नाझियाने गाणं थांबवलं. तिने कायद्याचं शिक्षण घेतलं होतं, संयुक्त राष्ट्रांत काम केलं होतं आणि कराचीतल्या गरीब मुलांसाठी ती झटत होती.

1995 मध्ये तिचं लग्न झालं. संसार टिकला नाही. त्यातच फुप्फुसाच्या कॅन्सरने गाठलं. 13 ऑगस्ट 2000 रोजी लंडनमध्ये तिचं निधन झालं. वय फक्त 35.

पाकिस्तान सरकारने 2002 मध्ये तिला मरणोत्तर ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ सन्मान दिला. 2012 मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ने ‘डिस्को दीवाने’ नव्याने आणलं. पडद्यावर पुन्हा दुसरेच चेहरे होते. पण यंदा कुणाला मूळ गायिका बघायची असेल, तर ‘यंग तरंग’चे व्हिडिओ आहेत. त्यात नाझिया स्वतः गाताना दिसते.