गंगाकाठचा कर्मयोगी : लालबहादूर शास्त्री

काशीच्या पैलतीरावर रामनगर वसले आहे. काशीनरेशांचा किल्ला आणि महिनाभर चालणारी रामलीला यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथील एका साध्या गल्लीत लालबहादूर शास्त्री यांचे वडिलोपार्जित घर आज स्मृतिसंग्रहालय म्हणून जतन केले आहे.

२ ऑक्टोबर १९०४ रोजी मुगलसराय येथे त्यांचा जन्म झाला. ते दीड वर्षाचे असतानाच पितृछत्र हरपले. माता रामदुलारीदेवींनी त्यांना कष्टाने वाढविले. जातिभेद अमान्य असल्यामुळे त्यांनी तरुणपणीच जातिदर्शक आडनावाचा त्याग केला. १९२१ मध्ये असहकाराच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी शाळा सोडली आणि पुढे काशी विद्यापीठातून १९२५ मध्ये ‘शास्त्री’ ही पदवी मिळविली. सर्व धर्मांतील ऐक्याचे चिंतन करणारे डॉ. भगवानदास त्या विद्यापीठाचे आचार्य होते. पदवीनंतर लालबहादूर लाला लजपतराय यांच्या लोकसेवक मंडळाचे आजीव सदस्य झाले आणि त्यांनी दलितोद्धाराचे कार्य हाती घेतले.

शास्त्रीजी श्रद्धावान हिंदू होते. परंतु ती श्रद्धा त्यांनी कधी मिरविली नाही. स्वतःच्या आचरणातील संयम आणि इतरांच्या श्रद्धेविषयीचा आदर, याच रूपांनी ती प्रकट झाली. १९५६ च्या अरियालूर रेल्वे अपघातानंतर त्यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून मंत्रिपद सोडले.

या श्रद्धेची खरी कसोटी काश्मीरमध्ये लागली. डिसेंबर १९६३ च्या अखेरीस श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून प्रेषितांचा पवित्र केस नाहीसा झाला. काही दिवसांतच तो परत मिळाला. पण तो अस्सल आहे, यावर लोकांचा विश्वास बसेना. पूर्व पाकिस्तानात आणि कोलकात्यात दंगली उसळल्या. जाणत्या धर्मपुरुषांनी त्याचे दर्शन घेऊन खात्री करावी, अशी मागणी निरनिराळ्या राजकीय मतांच्या लोकांनी मिळून स्थापन केलेल्या कृती समितीने केली. एकानेही नकार दिला तर आगडोंब उसळेल, म्हणून अधिकारी कचरत होते. पंडित नेहरूंनी शास्त्रीजींना तेथे पाठविले. त्यांनी धोका पत्करून दर्शनास मान्यता दिली. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी धर्मपुरुषांनी तो केस अस्सल असल्याचा निर्वाळा दिला आणि काश्मीर शांत झाले. श्रद्धेचे मोल जाणणाऱ्या माणसानेच दुसऱ्यांच्या श्रद्धेवर असा विश्वास टाकला.

त्याच वर्षी जूनमध्ये ते पंतप्रधान झाले. १९६५ च्या युद्धकाळात त्यांनी विरोधी पक्षांच्या नेत्यांना विश्वासात घेतले. दिल्लीच्या रामलीला मैदानावर मीर मुश्ताक अहमद यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत त्यांनी, हा संघर्ष हिंदू-मुसलमानांचा नव्हे आणि भारतात धर्म हा राजकारणाचा पाया नव्हे, हे ठामपणे मांडले. अन्नटंचाईच्या काळात दर सोमवारी सायंकाळचे भोजन सोडण्याचे आवाहन त्यांनी देशाला केले. त्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. उपवासाच्या जुन्या व्रताला राष्ट्रकार्याचे नवे रूप मिळाले.

१० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शांतता करार झाला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्यांच्यासमवेत होते. हाजीपीर खिंड परत देण्यावरून देशात टीका झाली. मंत्रिमंडळातील महावीर त्यागी यांनी राजीनामाही दिला. त्या टीकेला उत्तर देण्यासाठी मात्र शास्त्रीजी परतले नाहीत. करारानंतर काही तासांतच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ अर्पण करण्यात आले.

मतभेद कायम ठेवूनही विरोधकांचा विश्वास संपादन करता येतो आणि स्वधर्मावरील निष्ठा परधर्माच्या आदराआड येत नाही, हा शास्त्रीजींच्या जीवनाचा वारसा आहे. रामनगरच्या त्या छोट्या घरातून आजही तोच वारसा पुढच्या पिढ्यांकडे जात आहे.