दुर्गाबाई देशमुख

दुर्गाबाई देशमुख (१५ जुलै, १९०९ – ९ मे, १९८१) या स्वातंत्र्यसैनिक, वकील, संविधान सभेच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. शाळा अर्धवट सुटलेल्या गरजू प्रौढ स्त्रियांसाठी या मंडळाने १९५८ साली संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना सुरू केली. दुर्गाबाईंचे माहेर तेलुगू. विवाहाने त्या मराठी घरात आल्या.

बालपण आणि खंडित शिक्षण

त्यांचा जन्म आंध्रातील राजमहेंद्री येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे लग्न एका जमीनदार घराण्यात लावून देण्यात आले. जाणत्या वयात त्यांनी ते नाते नाकारले. त्या पतीने पुढे दुसरा विवाह केला. त्याच्या निधनानंतर त्याच्या विधवा पत्नीला दुर्गाबाईंनी आधार देऊन तिच्या प्रशिक्षणाची सोय केली.

इंग्रजी माध्यमाचा निषेध म्हणून बाराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि मुलींसाठी हिंदी पाठशाळा काढली. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये स्वयंसेविका असताना त्यांनी तिकीट नसल्यामुळे जवाहरलाल नेहरूंना प्रदर्शनाच्या दारात अडवले. ही आठवण चरित्रकार आवर्जून सांगतात. त्यांच्या पुढील कार्याच्या मानाने ती किरकोळच म्हटली पाहिजे.

मिठाच्या सत्याग्रहात व त्यानंतर १९३० ते १९३३ या काळात त्यांनी तीनदा कारावास भोगला. तुरुंगात त्यांचा सहवास घडला तो निरक्षर, दरिद्री स्त्री-कैद्यांचा. सुटकेनंतर राजकारणाऐवजी त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली. बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा त्या बाहेरून बसून उत्तीर्ण झाल्या. पुढे आंध्र विद्यापीठातून राज्यशास्त्र आणि १९४२ मध्ये मद्रासहून कायद्याची पदवी त्यांनी मिळवली.

आंध्र महिला सभा

मद्रासमध्ये १९३७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या आंध्र महिला सभेत, त्यांनी स्वतः दिलेल्या त्याच बनारस मॅट्रिकसाठी स्त्रियांचे वर्ग चालत. वय उलटून गेल्यामुळे नेहमीच्या शाळेत जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांना बाहेरून परीक्षा देण्याची ही वाट मोकळी झाली. पुढील योजनेचे बीज येथेच आढळते.

संक्षिप्त अभ्यासक्रम

१९४६ मध्ये त्या संविधान सभेवर निवडून आल्या. १९५२ मध्ये त्यांची नियोजन आयोगावर नियुक्ती झाली, तर २२ जानेवारी, १९५३ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्या विवाहबद्ध झाल्या. यवतमाळ जिल्हा ज्यात मोडत असे, त्या मध्यप्रांत-वऱ्हाडातच चिंतामणरावांच्या सनदी सेवेची सुरुवातीची बरीच वर्षे गेली होती.

त्याच वर्षी समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. मंडळाने खेड्यांत कल्याण केंद्रे काढली खरी. पण तेथे ग्रामसेविका, बालसेविका, सुईण वा शिक्षिका म्हणून नेमायला पात्र स्त्रिया मिळेनात. बाहेरची शिकलेली स्त्री खेड्यात टिकत नसे; गावातली विधवा, परित्यक्ता किंवा मजूर स्त्री राहायला तयार असे, परंतु चौथी-सातवीनंतर तिची शाळा सुटलेली असे. तिला दहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत पुन्हा बसवणे अशक्यच होते. म्हणून प्रौढ बुद्धीला पेलेल अशा वेगाने अनेक इयत्तांचा अभ्यास साधारण दोन वर्षांत उरकून तिला मॅट्रिकला बसवावे, असे ठरले. आरंभी वयाची मर्यादा १८ ते ३० अशी होती. वर्ग स्वयंसेवी संस्थांनी चालवायचे आणि मंडळाने त्यांना अनुदान द्यायचे, अशी व्यवस्था होती. निवासी वर्गांची सोय हा तिचा फार महत्त्वाचा भाग होय, कारण घरकाम आणि मजुरी यांतून सुटका झाल्याखेरीज अशा स्त्रीच्या हाती अभ्यासाला वेळ उरत नाही.

१९५८ मध्येच नेमलेल्या राष्ट्रीय स्त्री-शिक्षण समितीच्याही त्या अध्यक्ष होत्या. समितीचा अहवाल १९५९ मध्ये सादर झाला.

उत्तरायुष्य

१९७५ मध्ये दुर्गाबाईंना पद्मविभूषण देण्यात आले. त्याच वर्षी चिंतामणरावांनाही तो मिळाला. दुर्गाबाईंचे निधन आंध्र प्रदेशात झाले.