नॉट, अँड, ऑर आणि मदुराईत जन्मलेले डी मॉर्गन

सुरगाण्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रवेशासाठी मी शीट बनवली होती. बी कॉलममध्ये जातीच्या दाखल्याची टिक, सी मध्ये उत्पन्नाच्या. दोन्ही नसतील तर 'अपूर्ण', असा फॉर्म्युला. झालं काय, एकच दाखला असलेली मुलं थेट 'पूर्ण' मध्ये गेली! शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी ते दिसलं आणि मग फोनाफोनी. चूक माझीच.

'दोन्ही आहेत' याच्या उलट 'दोन्ही नाहीत' होत नाही. 'हा नाही किंवा तो नाही' असं होतं. हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो.

त्यांचा जन्म १८०६ चा, आपल्याच देशात, मदुराईत. तान्हेपणीच एका डोळ्याची दृष्टी गेली. केंब्रिजला गणितात चौथे आले, पण पुढच्या पदवीसाठी धर्ममतावर सही करावी लागायची. ती त्यांनी केली नाही, पदवी सोडली. १८२८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, लंडनला प्रोफेसर! सहकाऱ्याला काढलं म्हणून १८३१ मध्ये राजीनामा, १८३६ मध्ये परत. १८६६ मध्ये एका उमेदवाराला धर्ममतावरून नाकारलं, तेव्हा पुन्हा राजीनामा. (माणूस वाकणारा नव्हताच.)

तर्कशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १८४७ चं. दिल्लीच्या रामचंद्र यांचं गणिताचं पुस्तक त्यांनीच १८५९ मध्ये लंडनला छापून आणलं. १८७१ मध्ये ते वारले.

माझा दुरुस्त फॉर्म्युला: =इफ(ऑर(नॉट(बी२),नॉट(सी२)),"अपूर्ण","पूर्ण"). नॉट(अँड(बी२,सी२)) लिहिलं तरी उत्तर तेच.