फेस ओसरला, तरी न थांबलेला मुंबईकर

डिसेंबर-जानेवारी आला की शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू होतात आणि घाटकोपरच्या घराघरांत ज्वालामुखी जागे होतात. शाडूच्या मातीचा डोंगर, मधोमध पाण्याची छोटी बाटली, तिच्यात दोन चमचे खायचा सोडा, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब आणि चिमूटभर लाल रंग. वरून व्हिनेगर ओतलं की फस्सकन फेस! तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी लहानपणी हे केलं असेल, आणि उरलेल्यांनी धाकट्या भावंडासाठी रात्री जागून तो डोंगर रंगवला असेल.

यातलं गणित सोपं आहे. सोडा आणि आम्ल एकत्र आलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. साबण त्याचे बुडबुडे धरून ठेवतो आणि बाटलीत जागा पुरेना की फेस डोंगरावरून वाहायला लागतो. खाऊगल्लीतला ढोकळा फुगतो तोही याच वायूनं. पण त्या लाल लाव्हाला कधी हात लावून पाहिलाय? तो गार लागतो. कारण ही अभिक्रिया उष्णता देत नाही, उलट शोषून घेते. एवढी भारी गोष्ट समोर असते, पण आपण फेस बघतो, टाळ्या वाजवतो, टीचर मार्क देतात आणि प्रयोग संपतो.

ज्याचा घरातला पहिला प्रयोग असा संपला नाही, त्या शंकर आबाजी भिसे यांची ही गोष्ट.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६५ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते. हा गॅस दगडी कोळशापासून मिळायचा. कोळसा बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवला की जळणारा वायू सुटतो आणि मागे डांबर आणि कोक उरतो. मोठ्या कारखान्यात होणारी ही गोष्ट चौदा वर्षांच्या शंकरनं घरात करून पाहिली. कोळशापासून गॅस काढायचं छोटं यंत्र त्यानं स्वतः बनवलं. (हा प्रयोग मात्र घरी करू नका. या गॅसमध्ये विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो.)

गॅस निघाला, घरचे चकित झाले, इथे गोष्ट थांबली असती. पण सोळाव्या वर्षी या मुलानं ठरवून टाकलं, की इंग्लंड किंवा अमेरिकेत जायचं आणि शोध लावायचे. पदवी, ओळखीपाळखी, पैसा यातलं काहीच हाताशी नव्हतं.

विशीतल्या भिसे यांनी मुंबईत ‘सायंटिफिक क्लब’ काढला. विज्ञान मराठीत लोकांपर्यंत पोचावं म्हणून ‘विविध कला प्रकाश’ नावाचं मासिक चालवलं. मोकळ्या वेळात यंत्रं जुळवणं चालूच होतं. एकदा उघडली की कळेल अशी बाटली, विजेवरच्या सायकलीची खटपट, आणि मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी स्टेशन दाखवणारा इंडिकेटर! आज घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर मान वर करून आपण जो इंडिकेटर बघतो तो काही भिसे यांच्या यंत्रापासून आलेला नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एक मराठी तरुण याच प्रश्नावर डोकं लावत होता, हे लोकलची वाट बघताना आठवायला हरकत नाही.

भिसे यांना दृष्टिभ्रमाच्या खेळांचाही नाद होता. एक वस्तू बघता बघता दुसरी होऊन जाते, असे प्रयोग त्यांनी इंग्लंडमध्येही मँचेस्टरला करून दाखवले. पण खरं दार उघडलं ते एका स्पर्धेमुळे. लंडनच्या एका नियतकालिकानं साखर, पीठ असा किराणा आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राचा आराखडा मागवला होता. भिसे यांनी मुंबईत बसून तो पाठवला आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवलं.

मग शहरातल्या बड्या मंडळींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांचं पत्र घेऊन भिसे लंडनला दादाभाई नौरोजींकडे पोचले. दादाभाईंनी त्यांच्या शोधांना पाठबळ दिलं. विजेवर चालणारे जाहिरातफलक, स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप फ्लश होणारं शौचालय, भिसे यांच्या डोक्यातून एकामागून एक वस्तू निघत होत्या.

सगळ्यात मोठी झेप होती ‘भिसोटाइप’ची. तेव्हा छपाईसाठी शिशाच्या मिश्रधातूचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, साच्यात ओतून तयार करावं लागे. भिसे यांचं यंत्र मिनिटाला १२०० खिळे पाडू शकतं, असा त्याचा लौकिक होता. पण यंत्र चालणं वेगळं आणि धंदा चालणं वेगळं. जुन्या कंपन्यांनी बाजार धरून ठेवला होता आणि नव्या यंत्राला भांडवल मिळेना. पैसे संपले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी भिसे यांची सर रतन टाटांशी गाठ घालून दिली, टाटांच्या पैशावर काम पुन्हा उभं राहिलं. तरीही हाती म्हणावा तसा नफा आला नाही आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ती भागीदारीही संपली.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर, वीसेक वर्षांची मेहनत अशी विरल्यावर, दुसऱ्या कुणी परतीचं तिकीट काढलं असतं. भिसे १९१६ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ज्या विषयापासून चौदाव्या वर्षी सुरुवात केली होती त्या रसायनशास्त्राकडे वळले. आयोडीनवर आधारलेलं ‘अ‍ॅटोमिडीन’ हे औषध त्यांनी तयार केलं, आणि पैसा व स्थैर्य देणारं यश त्यांना इथे मिळालं. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट सांगितली जातात. वर्तमानपत्रं त्यांना भारताचा एडिसन म्हणू लागली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं.

आज मुंबईत किती जणांना हे नाव माहीत आहे? टाइपचे खिळे गेले, ते पाडणारी यंत्रं गेली, म्हणून भिसेही गेले. पण कोळशाचा गॅस निघाल्यावर पुढे काय, असं विचारणारा चौदा वर्षांचा मुलगा कालबाह्य होत नाही.

तेव्हा यंदा घरातल्या छोट्याचा ज्वालामुखी फसफसला की टाळ्या झाल्यावर लगेच बाटली धुवायला टाकू नका. सोडा दुप्पट करून बघा. व्हिनेगरऐवजी लिंबू पिळा. साबण न घालता करा. फेस किती वर आला ते पट्टीनं मोजा आणि वहीत लिहा. त्याला फेसात बोट बुडवायला सांगा आणि लाव्हा गार का, हे त्याचं त्याला शोधू द्या.